टाच उचलू द्या

गोल्फच्या कुठल्याही रेंजवर थोडा वेळ उभं राहा, तीन हुकूम हमखास कानावर येतील. डोकं हलवायचं नाही. पाय रोवून ठेवायचे. कंबर धरून ठेवायची आणि खांदे जमतील तितके मागे न्यायचे. रोज व्यायाम करणाऱ्या विशीतल्या मुलाला हे सांगितलं तर त्याचं शरीर ते निभावून नेतं. आपल्याकडे रेंजवर नव्याने येणारा माणूस मात्र बहुधा पन्नाशीच्या आसपासचा असतो. आयुष्यभर खुर्चीत बसून काम केलेला, पोट थोडं सुटलेला, मुलं मार्गी लागल्यावर आता स्वतःसाठी काहीतरी करावं म्हणून आलेला. त्यालाही हेच तीन हुकूम मिळतात, आणि काही महिन्यांनी तो माझ्या क्लिनिकमध्ये टेबलावर पालथा झोपलेला असतो.

मी पुण्यात फिजिओथेरपी करते आणि लहानपणापासून गोल्फ खेळते. दुखणारी पाठ मी हाताने तपासते आणि ती जिथे दुखावली तो खेळही मला आतून ठाऊक आहे. म्हणून ठामपणे लिहिते: पंचेचाळिशीपुढच्या हौशी खेळाडूला कंबर रोखून खांदे फिरवायला शिकवणं थांबवलं पाहिजे. बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे नेताना, त्याचे खुबे मोकळे फिरू द्या. त्यासाठी डावी टाच जमिनीवरून उचलली जात असेल तर उचलू द्या. (इथलं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे, डावखुऱ्यांनी बाजू उलट करून वाचावं.)

बहुतेकांना वाटतं की माणूस बेल्ट बांधतो तिथून वळतो. तिथे कमरेचे पाच मणके आहेत आणि त्या पाचांना वळणं जवळपास येतच नाही. प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूला छोट्या सांध्यांची जोडी असते. कमरेत या सांध्यांचे पृष्ठभाग उभे आणि समोरासमोर बसवलेले आहेत. पुढे वाकायला, मागे झुकायला वाट मोकळी. वळायला गेलं की हाडाला हाड अडतं. दोन मणक्यांमध्ये फार तर एक-दोन अंश, सगळे मिळून एका बाजूला दहा-बारा. त्यांच्या वर छातीचे बारा मणके आहेत. त्यांचे सांधे वेगळ्या कोनात बसलेले असल्यामुळे तिथे वळायला जागा आहे: एका बाजूला तीस-पस्तीस अंश. आणि खाली दोन खुबे. मांडीच्या हाडाचा गोल माथा खोल वाटीत बसलेला, सगळ्या दिशांना फिरणारा सांधा. उभ्या माणसाचं पेल्व्हिस, म्हणजे ओटीपोटाभोवतीचं हाडांचं कडं, या दोन खुब्यांवर चाळीस-पन्नास अंश सहज फिरतं. टाच सुटी असेल तर त्याहूनही जास्त.

आता बेरीज करा. पूर्ण बॅकस्विंगमध्ये खांद्यांची रेषा सुरुवातीच्या जागेपासून सुमारे नव्वद अंश वळलेली असते. त्यातले पंचेचाळीस खुब्यांनी दिले, पस्तीस छातीने दिले, उरलेले दहा कमरेने दिले की नव्वद झाले. कोणावर जुलूम नाही. शिक्षकाने पेल्व्हिस वीस अंशांवर रोखलं तर उरलेले सत्तर अंश पाठीच्या कण्याने द्यायचे. त्याच्याकडे आहेत पंचेचाळीस. तेही तरुणपणी. पन्नाशीत, खांदे पुढे झुकलेल्या, बरगड्या आखडलेल्या माणसाच्या छातीच्या मणक्यांत वीस अंश सापडले तरी मी समाधान मानते.

तूट भरून काढायला शरीर वाटा शोधतं. कोणी हात वर उचलतो, खांदे तिथेच राहतात आणि क्लब मात्र डोक्यामागे जातो. बघणाऱ्याला वाटतं पूर्ण स्विंग झाला. कोणाची डावी कोपर वाकते. कोणी फिरायचं सोडून उजवीकडे सरकतो, वजन उजव्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर जातं. आणि सगळ्यांत वाईट, कोणी वर जाताना शरीराचा वरचा भाग डावीकडे, लक्ष्याकडे कलता करतो. या शेवटच्या माणसाची कंबर दुखणार हे मी त्याचा स्विंग एकदा बघून सांगू शकते, कारण कमरेचे मणके एकाच वेळी वाकलेले, कललेले आणि पिळलेले अशा अवस्थेतून तो पुढच्या पाव सेकंदात उलट दिशेला झेपावणार असतो. दोन मणक्यांमधल्या चकतीचे तंतू थराथरांनी तिरके विणलेले असतात, एक थर एका बाजूला तिरका, पुढचा दुसऱ्या. पिळलं की त्या दिशेचेच तंतू ताणले जातात, बाकीचे सैल पडतात. म्हणजे ताकद निम्मी, आणि वर भार. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्विंगदरम्यान कमरेच्या मणक्यांवर येणारा दाब शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट मोजला गेला. पंचाहत्तर किलोच्या माणसाच्या कमरेवर क्षणभर सहाशे किलो. रेंजवर बादलीभर बॉल मारले की तो क्षण बादलीत जितके बॉल तितक्या वेळा येतो.

माझ्याकडे आलेले एक निवृत्त बँक अधिकारी मला नेहमी आठवतात, कारण त्यांच्याइतका शिस्तीचा विद्यार्थी मी पाहिला नाही. रोज सकाळी रेंज, वहीत नोंदी, प्रत्येक सूचना शब्दशः पाळलेली. उजव्या बाजूला कमरेच्या खाली दुखत होतं. माझ्याकडे येणाऱ्या गोल्फवाल्यांचं दुखणं बहुतेकदा उजवीकडेच असतं, कारण बॉल मारताना शरीर उजवीकडे कलतं आणि डावीकडे वेगाने फिरतं, आणि त्या बाजूचे छोटे सांधे चेपले जातात. मी त्यांना हातात क्लब न देता खोलीत स्विंग करून दाखवायला सांगितलं. पावलं जमिनीला चिकटलेली, गुडघे ताठरलेले, पेल्व्हिस जागच्या जागी. "काका, तुम्ही फिरत का नाही?" असं विचारल्यावर ते म्हणाले, "मॅडम, फिरायचं नाही असंच सांगितलंय. खालून बांधलेलं राहिलं म्हणजे वर पीळ बसतो, आणि पिळातून ताकद येते."

ही पिळाची कल्पना कुठून आली तेही सांगायला हवं, कारण ती चूक नव्हे, ती अर्धी आहे. १९९२ मध्ये जिम मॅक्लीन या अमेरिकन प्रशिक्षकाने गोल्फ मॅगझिनमध्ये लेख लिहिला. व्यावसायिक खेळाडूंच्या खांद्यांचं वळण आणि पेल्व्हिसचं वळण यंत्राने मोजून त्याने दाखवलं की लांब मारणाऱ्यांमध्ये या दोन आकड्यांतला फरक मोठा असतो. त्या फरकाला 'एक्स-फॅक्टर' हे नाव पडलं. नाव आकर्षक होतं, आकडा एकच होता, आणि तो वाढवायचा सोपा उपाय सगळ्यांना एकदम सुचला: खालचं रोखा, वरचं फिरवा. जगभरच्या रेंजवर तो उपाय पसरला आणि आपल्याकडेही आला. ज्यांच्या शरीरांवरून तो आकडा काढला ती शरीरं टूरवर खेळणाऱ्यांची होती, हे मात्र त्याच्यासोबत प्रवास करून आलं नाही. पुढच्या संशोधनाने आणखी एक गोष्ट दाखवली. बॅकस्विंगच्या सर्वोच्च बिंदूला फरक किती आहे यापेक्षा डाउनस्विंग, म्हणजे क्लब बॉलकडे परत आणणं, सुरू होताना तो किती वाढतो याला जास्त महत्त्व आहे. खांदे अजून मागेच आहेत आणि पेल्व्हिस पुढे निघालं, त्या क्षणी होणारा ताण. तो मिळवायला बॅकस्विंगमध्ये पेल्व्हिस बांधून ठेवायची गरजच नाही. ते मोकळेपणाने मागे जाऊ दे, फक्त परत येताना त्याने पहिलं निघावं.

याआधीची पिढी कशी खेळत होती ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझे वडील लष्करात होते. छावणीच्या मैदानावर तेव्हा हिरवळीच्या ग्रीन नसायच्या. तेल मिसळून दाबलेल्या वाळूचे 'ब्राउन' असायचे, आणि पट करण्याआधी कॅडी त्यावरून लाकडी फळी ओढून पावलांचे ठसे मिटवायचा. तिथले चाळिशी-पन्नाशीतले अधिकारी डावी टाच सरळ उचलून खेळायचे. टाच उचलली, डावा गुडघा उजव्याकडे आला, पेल्व्हिस पूर्ण वळलं. मग टाच जमिनीवर टेकली आणि त्या टेकण्यासोबत सगळं शरीर पुढे निघालं. त्यांना हे कोणी शास्त्र म्हणून शिकवलं नव्हतं. बॉबी जोन्स असंच खेळायचा. जॅक निकलॉस असंच खेळायचा, आणि अठरा मेजर स्पर्धा जिंकला, त्यातली शेवटची १९८६ ची मास्टर्स वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. एवढ्यावरून टाच उचलणाऱ्याचं शरीर झिजत नाही असा निष्कर्ष मी काढणार नाही. निकलॉसचा डावा खुबा १९९९ मध्ये बदलावा लागला होता. एका माणसाच्या शरीरावरून नियम निघत नसतो. निकलॉसवरून इतकंच दिसतं की टाच उचलली म्हणून खेळ कच्चा होत नाही.

खुब्याच्या बाबतीत मला जास्त बोलकं उदाहरण टॉम वॉट्सनचं वाटतं. २००९ ची ब्रिटिश ओपन, टर्नबेरी. वॉट्सन एकोणसाठ वर्षांचा, डावा खुबा आदल्या ऑक्टोबरात बदललेला. तरीही चौथ्या दिवशी शेवटच्या होलपर्यंत तो पुढे होता. तिथे एक शॉट गेला आणि प्लेऑफमध्ये स्टुअर्ट सिंकने त्याला हरवलं. साठीला टेकलेला माणूस, धातूचा खुबा, आणि तरुणांच्या बरोबरीने चार दिवस. खुबा बदललेल्या रुग्णांना मी ही हकिगत नेहमी सांगते. डाउनस्विंगमध्ये पेल्व्हिस डाव्या मांडीवर फिरतं, सगळं वजन त्या पायावर येत असताना. तो सांधा दुखरा आणि आखडलेला असेल तर वळण तिथे थांबतं आणि त्याचा हिशेब कमरेकडे जातो. सांधा मोकळा झाला की कमरेची सुटका होते.

टायगर वूड्सच्या पाठीबद्दल सगळ्यांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. एप्रिल २०१७ मध्ये त्याच्या कमरेचा सगळ्यांत खालचा मणका त्याच्या खालच्या हाडाशी कायमचा जोडला गेला. पाठीवरची ती चौथी शस्त्रक्रिया. २०१९ च्या एप्रिलमध्ये तो मास्टर्स जिंकला. कमरेचा तो सांधा फिरणं कायमचं थांबलं होतं, तरी जगातल्या सर्वांत अवघड स्पर्धांपैकी एक जिंकण्याइतका वेग शरीरातून निघाला.

तो वेग कसा तयार होतो हा या खेळातला सगळ्यांत सुंदर भाग आहे, आणि नेमका तोच कोणी समजावून सांगत नाही. शेतात गोफण फिरवणाऱ्याला बघितलं असेल तर अर्धं काम झालं. पाय आणि धड आधी वळतं, मग हात, मग दोरी, आणि सगळ्यांत शेवटी दगड. आणि दगड सुटतो तेव्हा धड जवळपास थांबलेलं असतं. गोल्फमध्ये हाच क्रम आहे. पेल्व्हिस, छाती, हात, क्लब. पेल्व्हिस सेकंदाला साडेचारशे-पाचशे अंशांच्या वेगापर्यंत जातं आणि मग मंदावतं. ते मंदावताना त्याचा वेग छातीला मिळतो. छाती त्याहून वेगाने फिरते आणि मंदावते, तिचा हाताला. आणि शेवटच्या टप्प्यात क्लब सेकंदाला दोन हजार अंशांच्या वर जातो. अमेरिकेच्या पुरुषांच्या टूरवर ड्रायव्हरचं डोकं ताशी १८० किलोमीटरच्या वर असतं. वरून खाली यायला साधारण पाव सेकंद, आणि ४६ ग्रॅमच्या त्या बॉलशी प्रत्यक्ष स्पर्श सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका. एवढ्या वेळात मनाने काही दुरुस्त करता येत नाही. क्रम आधीच लागलेला असावा लागतो.

आणि म्हणून, मंदावणं हे फिरण्याइतकंच महत्त्वाचं आहे. ताकदवान माणसं सगळं शरीर एकदम, दात-ओठ खाऊन फिरवतात आणि बॉल जेमतेम जातो. त्यांच्यासोबतची सडपातळ मुलगी निम्म्या मेहनतीत तितकंच मारते. माझ्या बॅगा उचलणारा कॅडी वर्गात कधी शिकला नाही, पण हे त्याला दिसतं. एकदा आमच्यासोबतच्या एका दांडगट गृहस्थांचा शॉट बघून तो माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "मॅडम, साहेब सगळं एकदम सोडत्यात. आधी खालचं सोडायचं असतंय." सकाळी कोणी नसताना तो एखादा जुना आयर्न घेऊन दोन-चार बॉल मारतो. डावी टाच उचलून. कोणी त्याला पाय रोवायला सांगितलेलं नाही.

खालचं आधी सोडायचं, हे बेन होगनने १९५७ च्या 'फाइव्ह लेसन्स' या पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे: डाउनस्विंगची सुरुवात पेल्व्हिस डावीकडे वळवून करायची. हे लिहिणारा माणूस कोण होता ते माझ्यासारखीला विसरता येत नाही. फेब्रुवारी १९४९ मध्ये त्याच्या मोटारीला समोरून येणाऱ्या बसची धडक बसली. पेल्व्हिस दोन ठिकाणी मोडलं, गळ्याजवळचं हाड मोडलं, घोटा मोडला. पुन्हा नीट चालेल की नाही अशी शंका होती. पुढच्या वर्षी जूनमध्ये, पायांना पट्ट्या गुंडाळून, तो यूएस ओपन जिंकला. मोडलेलं पेल्व्हिस पुन्हा हळूहळू वापरायला शिकलेला माणूस सांगतो आहे की सगळं तिथून सुरू होतं. त्याच पुस्तकात तो उजवं पाऊल सरळ आणि डावं थोडं बाहेर, सुमारे बावीस अंश, वळवून उभं राहायला सांगतो. तरुणांसाठी ते ठीक आहे. माझ्या वयाच्या आणि त्यापुढच्या लोकांना मी दोन्ही पावलं बाहेर वळवायला सांगते. उजवं पाऊल थोडं बाहेर असलं की मागे जाणं सोपं, डावं बाहेर असलं की पुढे येणं सोपं. खर्च शून्य, फरक पहिल्याच दिवशी.

क्रम उलटा लागला की काय होतं हे रेंजवर दर मिनिटाला दिसतं. बांधून ठेवलेलं पेल्व्हिस परत निघायला काही मागे गेलेलंच नसतं. मग वरून खांदे निघतात, उजवा खांदा बॉलच्या दिशेने पुढे घुसतो, क्लब बाहेरून आत येतो आणि बॉल उजवीकडे वळत झाडीत जातो. ही स्लाइस. तिच्यावर उपाय म्हणून ग्रिप बदलतात, नवा ड्रायव्हर घेतात, आणि शिक्षक पुन्हा तेच सांगतो: पाय हलताहेत, रोवून ठेवा. ज्याने दुखणं आणलं तेच औषध दुप्पट.

डोक्याविषयीचा हुकूमही इथेच तपासून घेऊ. बॉल लागेपर्यंत डोकं साधारण जागेवर असणं चांगलंच. पण बॉल गेल्यावरही जमिनीकडे बघत राहायचं, ही सूचना मानेला आणि छातीला मधेच अडवते. छाती फिरायची थांबली की हात एकटे पुढे जातात, आणि थांबवण्याचा सगळा झटका कमरेने आणि डाव्या कोपराने घ्यायचा. ॲनिका सोरेनस्टॅम बॉलला क्लब लागायच्या आधीच डोकं लक्ष्याकडे फिरवू लागायची. दहा मेजर जिंकली. डेव्हिड डुव्हाल तसंच करायचा, २००१ ची ब्रिटिश ओपन जिंकला. डोकं शरीरासोबत फिरलं तर बॉल चुकतो, हे खरं नाही. बॉल चुकतो तो शरीर बॉलच्या दिशेने पुढे उठतं म्हणून. त्याचा दोष डोक्यावर येतो.

क्रिकेटच्या लोकांनी यातला एक धडा आपल्याआधी घेतला. वेगवान गोलंदाजाचे खांदे एका दिशेला आणि पेल्व्हिस दुसऱ्या दिशेला असेल, म्हणजे ज्याला मिश्र ॲक्शन म्हणतात, तर त्याच्या कमरेच्या मणक्यांना तडे जाण्याचा धोका वाढतो. म्हणून आज चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची गोलंदाजी बघताना चांगला प्रशिक्षक आधी त्याचे खांदे आणि पेल्व्हिस एका रेषेत आहेत का ते पाहतो. गोल्फमध्ये तोच फरक आम्ही मुद्दाम वाढवायला सांगतो, आणि तोही आजोबांना.

शरीर काय देऊ शकतं हे तपासायला यंत्र लागत नाही. खुर्चीत ताठ बसा, गुडघे एकमेकांना टेकवून ठेवा आणि पावलं बाहेरच्या बाजूला फाकवा. पोटऱ्या सरळ रेषेपासून दोन्ही बाजूंना पस्तीस-चाळीस अंशांपर्यंत गेल्या तर खुबे आतल्या दिशेला चांगले फिरताहेत. एक पाय वीसवर अडला तर तोच पाय तुमचा स्विंग ठरवणार आहे. बॅकस्विंगला उजवा खुबा या दिशेला फिरतो, डाउनस्विंगला डावा. इथे एक गंमत आहे जी आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. आपण मांडी घालून बसतो, म्हणून आपले खुबे चांगले असणार असं सगळे मला सांगतात. मांडी घालताना खुबा बाहेरच्या दिशेला वळतो. गोल्फला लागतं ते वळण उलट आहे, आणि त्यासाठी आसन आहे वीरासन, ज्यात पावलं नितंबांच्या दोन्ही बाजूंना येतात. ज्यांचे गुडघे दुखत नाहीत त्यांनी खाली जाड उशी किंवा लोड घेऊन ते करावं. गुडघ्यांची तक्रार असेल तर पाठीवर झोपून, पावलं अंतरावर ठेवून, एकेक गुडघा आत पाडावा. छातीसाठी कुशीवर झोपून, गुडघे पोटाशी घेऊन, वरचा हात मागे उघडायचा आणि नजर हाताबरोबर न्यायची. सकाळी पाच मिनिटं. बँकेतल्या त्या काकांना मी हेच दिलं, सोबत रेंजवर फक्त एकच सूचना: डावी टाच उचला, आणि परत येताना आधी ती टेकवा. त्यांची वही आता माझ्याकडे नमुन्यादाखल आहे. दुखण्याच्या रकान्यात शेवटच्या पानांवर काही लिहिलेलं नाही.

शिक्षकांचा आक्षेप मला माहीत आहे, कारण त्यांतले बरेच माझे मित्र आहेत. टाच उचलली की दर वेळी ती त्याच जागी टेकेल याची खात्री नाही, सातत्य जातं. म्हणणं खोटं नाही. टाच उचलायची म्हणजे उडी मारायची नव्हे. वळण तिला खेचून घेईल तेवढीच, इंच-दीड इंच, चवडा जमिनीवरच. ती मुद्दाम उचलायची नसते, ती अडवायची नसते. थोडं सातत्य त्यात जाईलही. पण मधे सहा महिने कमरेला पट्टा बांधून घरी बसल्याने जातं त्याच्या तुलनेत ते कमीच. विशीतल्या मुलाला, ज्याला स्पर्धा खेळायच्या आहेत आणि ज्याचे खुबे आणि छाती मोजून पाहिली आहे, त्याला पाय रोवून शिकवा, माझी तक्रार नाही. मोजल्याशिवाय शिकवू नका, एवढंच. आता नवी मुंबईत खारघरसारख्या ठिकाणी क्लबचा सदस्य नसलेल्यालाही खेळता येतं, त्यामुळे रेंजवर येणारे लोक वाढणार आणि ते बहुतांश प्रौढच असणार. पहिल्या धड्याच्या दिवशी त्यांच्या हातात क्लब द्यायच्या आधी दहा मिनिटं खुर्चीत बसवून पावलं फाकवायला सांगायला काय हरकत आहे?

दुसरा आक्षेप अंतराचा. पीळ कमी केला तर बॉल कमी जाणार. काही यार्ड जातील, हो. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला आपल्या पुण्याचा उदयन माने खेळला आणि महिलांमध्ये अदिती अशोक चौथी आली, कांस्यपदकापासून एका शॉटने दूर. अदितीचा ड्राइव्ह तिथल्या बहुतेकींपेक्षा कमी जात होता. ती तिथवर आली ती पटिंगवर आणि ग्रीनजवळच्या खेळावर. साठीतल्या माणसाला दोनशे चाळीस यार्डांची गरज कुठे आहे? मैदानावर पुढच्या टी, म्हणजे पहिला फटका मारायच्या होलला जवळच्या जागा, असतात त्या याचसाठी. अमेरिकेत २०११ पासून तिथल्या गोल्फ संघटना हौशी खेळाडूंना पुढच्या टीवरून खेळा असं उघडपणे सांगताहेत. आमच्याकडे पुरुषांना त्या टीवर उभं राहायला लाज वाटते, आणि ती लाज घालवायची तर सुरुवात क्लबच्या कॅप्टनने करायला हवी: महिन्यातून एक रविवार सगळ्यांची स्पर्धा पुढच्या टीवरून, हँडिकॅप त्याप्रमाणे धरून, आणि कॅप्टन स्वतः पहिल्या गटात.